तुळशीतली भांग आणि औषधाची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘तुळशीत भांग उगवली’ असं आपण म्हणतो, ते चांगल्या घरात निपजलेल्या वाया गेलेल्या मुलाबद्दल. भाषेनं या झाडाची जागा केव्हाच ठरवून टाकली आहे. तुळस वृंदावनात आणि भांग उकिरड्यावर. पण वैद्यांच्या पोथ्या उघडल्या, की हीच भांग ‘विजया’ या भारदस्त नावानं भेटते. जातीफलादी चूर्णासारख्या जुन्या योगात ती आजही एक घटक आहे. म्हणजे लोकांच्या तोंडी ती एक, वैद्यांच्या पोथीत दुसरी आणि कायद्याच्या पुस्तकात तिसरीच. आज मला बोलायचं आहे ते या तिसऱ्या पुस्तकाविषयी. भांग-गांजाचा औषध म्हणून उपयोग करू द्यावा का, द्यायचा तर कोणाच्या हातून आणि कोणत्या बंधनात, हा वाद सध्या जगभर चालू आहे. आपल्याकडे पुष्कळांना तो परदेशातून आलेला वाद वाटतो. प्रत्यक्षात त्याची सुरुवात आपल्याच भूमीवर झाली, आणि तीही पावणेदोनशे वर्षांपूर्वी.

आधी झाडाची ओळख करून घेऊ, कारण पुढचा सगळा घोळ त्या ओळखीतूनच झाला आहे. झाड एकच. त्याची पानं वाटली की भांग. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे सुकवले की गांजा. त्याच शेंड्यांवरचा चिकट राळेसारखा पदार्थ गोळा केला की चरस. नशा आणणारं द्रव्य पानात कमी, फुलोऱ्यात जास्त आणि राळेत सर्वांत जास्त. म्हणून महाशिवरात्रीची ठंडाई, गोसाव्याची चिलीम आणि चरसाची गोळी या एकाच झाडाच्या तीन पायऱ्या आहेत. समाजानं या तीन पायऱ्या फार पूर्वीपासून वेगवेगळ्या मानल्या. कायद्यानंही पुढे तेच केलं, पण स्वतःच्या पद्धतीनं.

युरोपला या झाडाची सविस्तर ओळख करून देणाऱ्यांपैकी एक जण आपल्याच शेजारचा, गोव्यातला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा आणि काही काळ मुंबईचं बेट खंडानं घेतलेला. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं संवादरूपी पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. त्यात भांगेवर स्वतंत्र संवाद आहे. पण ओर्तानं नोंद केली ती जिज्ञासू प्रवाशासारखी. प्रयोग करून पाहणारा माणूस यायला आणखी पावणेतीनशे वर्षं जावी लागली.

त्याचं नाव विल्यम ब्रूक ओशॉनेसी. मूळचा आयर्लंडचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर आणि कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक. हाच गृहस्थ पुढे भारतात तारायंत्राचं जाळं उभं करणारा म्हणून प्रसिद्ध झाला. त्याआधी, तरुणपणी, त्यानं पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासून त्यातलं पाणी आणि क्षार कमी झालेले असतात हे दाखवलं होतं. आज आपण ज्याला सलाइन म्हणतो, त्यामागच्या विचाराची ती सुरुवात. असा शोधक माणूस कोलकात्यात आला आणि आजूबाजूचे वैद्य-हकीम गांजा औषधात वापरतात हे त्यानं पाहिलं. तो हसला नाही. त्यानं पंडितांना आणि हकिमांना विचारलं, ग्रंथांत काय आहे ते समजून घेतलं. मग जनावरांवर प्रयोग केले आणि त्यानंतर मोजून-मापून रुग्णांवर.

१८३९ साली त्यानं आपला निबंध वैद्यकीय मंडळापुढे मांडला. संधिवात, पटकी, धनुर्वात असे रुग्ण त्यात आहेत. पिसाळलेलं कुत्रं चावलेला एक रुग्ण आहे. तो वाचला नाही, वाचणं शक्यही नव्हतं. पण औषधानं त्याचे हाल कमी झाले, हे ओशॉनेसीनं आवर्जून नोंदवलं. रोग बरा होत नसला तरी यातना कमी करणं हेही डॉक्टरचं काम आहे, ही जाणीव त्या नोंदीत आहे. आणखी एक रुग्ण होता जेमतेम चाळीस दिवसांचा, सारख्या आकड्या येणारा. गांजाच्या अर्कानं त्याच्या आकड्या थांबल्या. हे बाळ लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

ओशॉनेसी इंग्लंडला गेला तेव्हा हे औषध त्याच्याबरोबर गेलं. लंडनच्या औषधविक्रेत्यांनी मद्यार्कात त्याचा अर्क काढून विकायला सुरुवात केली. अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याची नोंद झाली. मग ते मागे का पडलं? कारण साधं होतं. अफूतून मॉर्फिन वेगळं काढता आलं, त्याचं वजन करता आलं, पुढे सुईनं टोचताही आलं. गांजातलं मुख्य द्रव्य पाण्यात विरघळत नाही, आणि ते नेमकं कोणतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. एका बाटलीनं गुंगी यावी आणि दुसरीनं काहीच होऊ नये, असा प्रकार. जे मोजता येत नाही, त्यावर डॉक्टर भरवसा कसा ठेवणार? त्यातच अ‍ॅस्पिरिनसारखी नवी औषधं आली. ब्रिटिश औषधकोशातून ते १९३२ साली गेलं, अमेरिकेच्या कोशातून १९४२ साली. त्यातलं मुख्य द्रव्य, ज्याला टीएचसी म्हणतात, ते इस्राएलच्या राफाएल मेशुलम यांनी सहकाऱ्यांसह शुद्ध स्वरूपात वेगळं केलं १९६४ साली. तोवर झाड औषधाच्या कपाटातून पोलिसांच्या खात्यात गेलं होतं.

ते तिथं गेलं कसं, हे पाहायला पुन्हा हिंदुस्थानात यावं लागतं. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये दारूबंदीचे पुरस्कर्ते विल्यम केन यांनी प्रश्न विचारला, की गांजामुळे हिंदुस्थानातल्या लोकांचं नैतिक अधःपतन होत आहे, त्याचं सरकार काय करणार? गांजामुळे वेड लागतं, वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत, अशीही समजूत होती. सरकारनं आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, एकूण सात सभासद, त्यांतले तीन हिंदी. आयोगानं सत्तर प्रश्नांची यादी काढली आणि देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या. त्यांत अधिकारी होते, शेतकरी होते, मिशनरी होते आणि तीनशेहून अधिक डॉक्टर, वैद्य, हकीम होते. गांजा पिकवणारे तेव्हाचे मोठे भाग म्हणजे बंगालमधलं नौगाव, मध्य प्रांतातलं खांडवा आणि आपल्या मुंबई इलाख्यात अहमदनगर. सगळं पीक आणि विक्री अबकारी खात्याच्या नजरेखाली चाले. गांजातून सरकारला चांगलं उत्पन्न होतं, हेही इथं सांगायला हवं. आयोग अगदीच निःस्वार्थ सरकारनं नेमला होता असं नाही.

तरीही या आयोगानं एक गोष्ट फार मोलाची केली. त्यानं इस्पितळांचे कागद उघडून पाहिले. रुग्णाला भरती करताना एक तक्ता भरावा लागे आणि त्यात वेडाचं ‘कारण’ असा एक रकाना होता. रुग्णाला आणणारा पोलीस. त्याला कारण कुठून ठाऊक? पण रकाना रिकामा ठेवलेला वरच्या साहेबाला चालत नसे. मग माणूस कधीकाळी गांजा ओढतो असं कोणी म्हटलं, की लिहिलं ‘गांजा’. त्या तक्त्यावरून इस्पितळाचं वार्षिक कोष्टक तयार होई, कोष्टकावरून सरकारी अहवाल, आणि अहवालावरून पार्लमेंटमधलं भाषण. आयोगानं १८९२ सालातली अशी एकेक नोंद मुळापासून तपासली, तेव्हा गांजाच्या नावावर टाकलेल्या निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्याच नाहीत.

१८९४ साली सात खंडांचा, तीन हजारांहून अधिक पानांचा अहवाल आला. त्याचा निष्कर्ष असा, की माफक सेवनानं फारसा अपाय होत नाही, अतिरेकानं होतो, पूर्ण बंदीची गरज नाही. कर लावा, परवाने द्या, लक्ष ठेवा. हा निष्कर्ष एकमुखी नव्हता. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सभासदांनी आपलं वेगळं मत नोंदवलं. या अहवालातलं सगळंच आज मान्य करता येणार नाही, कारण मानसिक आजारांबद्दलचं ज्ञान तेव्हा फार तोकडं होतं. पण आधी विचारा, तपासा आणि मग ठरवा, ही त्याची रीत मात्र पुढच्या शतकात फारशी कोणी पाळली नाही.

१९२५ साली जिनिव्हात अफूविषयी परिषद भरली. विषय अफूचा, पण इजिप्तच्या प्रतिनिधीनं हशीशचा, म्हणजे आपल्या चरसाचा प्रश्न काढला आणि हे झाडही आंतरराष्ट्रीय करारात आलं. १९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा एकत्रित करार झाला. त्यात गांजा अफूच्या रांगेत बसवला गेला. इतकंच नव्हे, तर फारच धोकादायक मानलेल्या पदार्थांच्या चौथ्या यादीतही टाकला गेला. भांगेचे सण आणि रूढी असलेल्या भारतासारख्या देशांसाठी दोन सवलती निघाल्या. एक म्हणजे औषधाबाहेरचा वापर बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत. दुसरी व्याख्येतली. ‘कॅनाबिस’ म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत. होळीची भांग वाचली ती या एका वाक्यामुळे.

भारतानं आपला कायदा केला १९८५ साली. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे, सगळे त्याला एनडीपीएस कायदा म्हणतात. हेरॉइनची चोरटी वाहतूक तेव्हा वाढत होती, कराराची मुदत जवळ येत होती. विधेयक ऑगस्टच्या अखेरीस लोकसभेत आलं, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरला कायदा अमलातही आला. जिथं एकोणिसाव्या शतकातल्या आयोगानं १,१९३ माणसांना विचारलं, तिथं स्वतंत्र भारताच्या कायद्याला महिनाही लागला नाही.

या कायद्यात औषधाला जागाच नाही असं कोणी म्हणालं, तर ते खरं नाही. आठव्या कलमात वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोग वगळला आहे. दहाव्या कलमात राज्य सरकारांना गांजाच्या झाडाच्या लागवडीची परवानगी देण्याचा आणि नियम करण्याचा अधिकार आहे. चौदाव्या कलमात धागा आणि बियांसाठी लागवडीची सोय आहे. कागदावर दार आहे. पण दाराकडे जाणारी वाट कोणी बांधली नाही, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना शिक्षेचं कुंपण घातलं. नुसतं दार असून भागत नाही, हे आपल्याला गांजानं शिकवलं नाही. ते शिकवलं त्याच कायद्यातल्या दुसऱ्या एका औषधानं, मॉर्फिननं.

शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाची वेदना ज्या घरानं पाहिली आहे, त्याला मॉर्फिन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आपला देश मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकवतो. मंदसौर आणि नीमचच्या शेतातली अफू सरकार विकत घेतं, तिच्यातून औषधी द्रव्यं निघतात, परदेशीही जातात. पण १९८५ साली देशात ७१६ किलो मॉर्फिन वापरलं गेलं, ते १९९७ साली आलं १८ किलोंवर. रोगी कमी झाले नव्हते. वेदनाही कमी झाली नव्हती. झालं असं, की कायद्यानं किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवली आणि प्रत्येक राज्यानं आपापले नियम केले. मॉर्फिन मागवायला, आणायला, ठेवायला वेगवेगळे परवाने. ते वेगवेगळ्या खात्यांचे, वेगवेगळ्या मुदतीचे. शेवटचा हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली. हिशेबात एखादी गोळी चुकली तर तुरुंग. अशा वेळी इस्पितळानं काय करावं? पुष्कळांनी सोपं केलं, औषध ठेवणंच बंद केलं. कोणीही वेदनाशामकावर बंदी घातली नव्हती. तरी ते नाहीसं झालं.

मुंबईत वांद्र्याला १९८६ साली ‘शांती अवेदना सदन’ सुरू झालं, बरे न होणाऱ्या कर्करोग्यांसाठी देशातलं पहिलं शुश्रूषालय. केरळात कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली वेदनामुक्तीचं काम उभं केलं. नियम बदला, म्हणून ही मंडळी एकेका राज्याच्या सचिवालयात खेटे घालत राहिली, न्यायालयातही गेली. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला. अत्यावश्यक गुंगीकारक औषधं असा नवा वर्ग आला, आणि पुढच्या वर्षी मॉर्फिनसह सहा औषधं त्यात घातली गेली. मान्यताप्राप्त इस्पितळाला साऱ्या देशात एकाच नियमानं एकाच अधिकाऱ्याकडून मान्यता. शिवाय कायद्याच्या उद्देशात, दुरुपयोग रोखण्याबरोबरच, औषधी वापराची खात्री करणं हेही सरकारचं काम म्हणून लिहिलं गेलं. तीस वर्षं लागली त्या एका वाक्याला. त्यानंतरही, २०१७ साली ‘लॅन्सेट’च्या अभ्यासगटानं हिशेब मांडला, तेव्हा आपल्याकडे गरजेच्या अवघं चार टक्के वेदनाशामक पोहोचत होतं. तीस वर्षं मॉर्फिनला हातच न लावलेल्या डॉक्टरांची भीती एका दुरुस्तीनं जात नाही.

आता गांजाकडे परत येऊ. आणि त्या चाळीस दिवसांच्या बाळाकडे. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं लहान मुलांच्या दोन अतिशय चिवट अपस्मारांसाठी एका औषधाला मान्यता दिली. ते याच झाडातल्या सीबीडी नावाच्या, नशा न आणणाऱ्या द्रव्यापासून केलेलं आहे. ओशॉनेसीचा अर्क आणि हे औषध एक नव्हे. त्याच्या अर्काचा भर बहुधा टीएचसीवर असणार, आणि एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. पण त्यानं ज्या दिशेनं बोट दाखवलं होतं, त्या दिशेला काहीतरी होतं, हे कळायला १७९ वर्षं लागली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून ब्रिटननं तज्ज्ञ डॉक्टरांना अशी औषधं लिहून देण्याची मुभा दिली. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजाला त्या चौथ्या यादीतून काढलं. बाजूनं सत्तावीस मतं, विरोधात पंचवीस. भारताचं मत बाजूनं पडलं.

आपल्याकडे मात्र चित्र अजून तुकड्यातुकड्यांचं आहे. उत्तराखंडनं २०१८ साली कमी टीएचसी असलेल्या झाडाच्या औद्योगिक लागवडीला परवाना दिला. जम्मूच्या सरकारी औषधसंशोधन संस्थेनं परवानगीनं लागवड करून अभ्यास चालवला आहे. २०२१ साली या झाडाच्या बिया आणि त्यांचं तेल यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली. आयुर्वेदिक औषधांत भांग चालते, कारण औषध कायद्याच्या एका परिशिष्टात ती विषारी द्रव्यांच्या यादीत, वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याच्या अटीवर आहे. उत्तरेत काही राज्यांत भांगेचं सरकारमान्य दुकान असतं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणं हा गुन्हा आहे. झाड एक, देश एक आणि उत्तरं इतकी.

त्याच दारूबंदी कायद्याची एक आठवण इथं उपयोगी आहे. एफ. एन. बलसारा या मुंबईकरांनी त्याला आव्हान दिलं होतं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयानं दारूबंदी बव्हंशी उचलून धरली, पण मद्यार्क असलेल्या औषधांवरची बंदी मात्र अवाजवी ठरवली. व्यसन रोखण्यासाठी औषध अडवता येणार नाही, हा फरक आपल्या न्यायालयाला पंचाहत्तर वर्षांपूर्वी दिसला होता.

याचा अर्थ दारं सताड उघडावीत असा नाही. कोवळ्या वयात गांजा मेंदूला अपाय करतो आणि काहींमध्ये गंभीर मानसिक आजाराला हातभार लावतो, हे आता पुरेसं सिद्ध झालं आहे. चिलीम हे औषध नव्हे. आणि ‘विजयेच्या तेलानं कर्करोग बरा होतो’ अशी जाहिरात करणारा माणूस, बंदी घालणाऱ्यापेक्षा रुग्णाचा अधिक मोठा शत्रू आहे. म्हणूनच नियम हवेत. पण ते मोजमापाचे, तपासणीचे, डॉक्टरच्या चिठ्ठीचे हवेत. नियम नसले की एक तर भीती राज्य करते, नाही तर भोंदू.

मला राहून राहून तो १८९२ सालचा तक्ता आठवतो. कारणाचा रकाना. ठाऊक नसताना तिथं एक शब्द लिहिला गेला आणि त्यावर भाषणं झाली, कायदे झाले. आपल्याला दुसरा कोणता शब्द घाईनं तिथं लिहायचा नाही. ‘विष’ही नाही आणि ‘अमृत’ही नाही. रकाना काही काळ रिकामा ठेवून तपासायचं धैर्य हवं आहे. तेवढं केलं, तर तुळशीत उगवलेल्या भांगेचं काय करायचं, हे आपल्याला नीट ठरवता येईल. तोवर वेदना सोसणारा माणूस मात्र वाट पाहत पडून आहे, हे विसरू नये.